फोन चार्जिंग, गरम होणं आणि बॅटरीचं आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्जिंगबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयेत. सोप्यापासून किचकटाकडे असा क्रम आहे, पण कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल, जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. माझं मत आधीच सांगायचं तर लोक चार्जरवरचा वॅटचा आकडा बघून घाबरतात आणि फोन हाताला किती गरम लागतोय तिकडे लक्षच देत नाहीत. बॅटरी खाणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, गरमी आणि फुल भरलेल्या अवस्थेत काढलेला वेळ, आणि दोन्ही एकत्र आल्या की मग बघायलाच नको.

१. चार्जिंगला लावला की फोन गरम होतो, हे नॉर्मल आहे का?

हो, थोडा कोमट होणं अगदी नॉर्मल आहे. करंट ज्यातून जातो त्या प्रत्येक गोष्टीला थोडाफार रेझिस्टन्स असतो, केबलला, पोर्टला, चार्जिंगच्या चिपला आणि खुद्द सेललाही (सेल म्हणजे बॅटरीतला वीज साठवणारा भाग), आणि तिथे थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. समजा सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स ५० मिलीओहम आहे, तर २ अँपिअरला सेलमध्ये ०.२ वॅट उष्णता तयार होईल, ४ अँपिअरला ०.८ आणि ६ अँपिअरला थेट १.८ वॅट. फोन हा बंद डबा आहे, आत फॅन नाही, त्यामुळे एवढी उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. जुन्या फोनमध्ये सेलचा रेझिस्टन्स वाढलेला असतो म्हणून तोच चार्जर लावूनही जुना फोन जास्त तापतो, चार्जर बिघडलाय असं नाही.

२. पण गरम झाल्याने बॅटरीचं नक्की बिघडतं काय?

फोनमधली बॅटरी लिथियम-आयन, म्हणजे १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणलेल्या सेलचीच पुढची पिढी (याच कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं). चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये शिरतात आणि वापरताना परत येतात. ग्रॅफाइटवर पहिल्याच काही चार्जमध्ये एक पातळ थर बसतो, तो हवाच असतो कारण तो पुढची झीज थोपवतो. अडचण अशी की हा थर हळूहळू जाड होतच राहतो, जाड होताना लिथियम गिळतो, आणि गिळलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. गरमीत ही क्रिया वेगाने होते. शिवाय व्होल्टेज जास्त असेल, म्हणजे बॅटरी फुल असेल, तर आयन जिथून निघतात त्या बाजूचं मटेरियल आणि आतला द्रवही लवकर खराब होतो.

बॅटरी युनिव्हर्सिटी या बॅटरीची माहिती देणाऱ्या वेबसाइटचा एक तक्ता यासाठी खूप बोलका आहे. सेल नुसता ठेवून दिला, वापरलाच नाही, तर वर्षभराने किती क्षमता उरते: २५ अंशांना ४० टक्के चार्जवर ठेवला तर साधारण ९६ टक्के, तोच फुल भरून ठेवला तर ८० टक्के. ४० अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. सेलप्रमाणे आकडे थोडे इकडे तिकडे होतील पण दिशा तीच राहते. म्हणजे बघा, एकदाही न वापरता निव्वळ फुल आणि गरम राहिल्याने एक तृतीयांश बॅटरी गेली.

३. किती गरम म्हणजे जास्त गरम?

ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश एवढं भोवतालचं तापमान सांगते, म्हणजे खोलीतल्या हवेचं, बॅटरीचं नाही. बॅटरी स्वतः चार्ज होताना ३० ते ३८ अंशांच्या आसपास असेल तर निवांत राहा. ४० च्या वर बराच वेळ राहत असेल तर काहीतरी बदला, कव्हर काढा, जागा बदला, चार्जर बदला. ४५ च्या आसपास फोन स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा थांबवतो.

अँड्रॉइडमध्ये बॅटरीचं तापमान दाखवणारी बरीच ॲप आहेत, ती फोनमधल्या सेन्सरचाच आकडा वाचतात. ॲप नको असेल तर हात पुरेसा आहे, आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३२-३४ अंश असतं, त्यामुळे फोन नुसता कोमट लागला तर ठीक, आणि हातात धरून ठेवावासा वाटत नसेल तर आतला सेल नक्कीच चाळिशीच्या पुढे गेलाय.

४. चार्जिंग सायकल म्हणजे काय? दिवसातून तीनदा प्लग लावला तर तीन सायकल होतात का?

नाही. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल मोजली जाते, मग ती कितीही तुकड्यांत असो. आज ६० टक्के वापरले, रात्री भरले, उद्या ४० वापरले, झाली एक सायकल. प्लग किती वेळा लावला याला काहीच अर्थ नाही.

किती सायकल टिकायला हवी? ॲपल आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनसाठी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगते, आयफोन १५ पासून तो आकडा १००० केला. युरोपियन युनियनमध्ये जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनना ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राखणं बंधनकारक झालंय. पण हे सगळे आकडे ठराविक तापमानाला केलेल्या टेस्टचे असतात, तुमचा फोन रोज तापत असेल तर त्याच सायकलमध्ये जास्त झीज होणार.

५. फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर खराब होते का? खरं सांगा.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही. थोडी जास्त झीज होते, हो. पण लोकांना वाटते तेवढी नाही, कारण फास्ट चार्जिंग म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच वेग नसतो.

६७ वॅटचा फोन १० टक्क्यांवर असताना प्लगला लावला तर काय होतं ते नीट बघा. आधी फोन आणि चार्जर एकमेकांशी बोलतात, कुठलं व्होल्टेज, किती करंट हे ठरतं. मग पहिली काही मिनिटं जोरात करंट जातो, हीच ती वेळ जेव्हा स्क्रीनवर मोठा आकडा दिसतो, आणि याच वेळेत तापमान भराभर चढतं. सेन्सरने तापमान वाढलेलं सांगितलं की फोन करंट कमी करतो, ६७ चे ४५ होतात, मग ३०. पुढे सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचलं (आजकालच्या फोनमध्ये ४.४ व्होल्टच्या आसपास) की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतात आणि करंट आपोआप घसरत जातो. म्हणून शेवटचे १०-१५ टक्के इतके रेंगाळतात, त्या वेळी तुमचा फास्ट चार्जर ५-१० वॅटच देत असतो. ज्या टप्प्यात बॅटरी सगळ्यात नाजूक असते तिथे फास्ट चार्जिंग फास्ट नसतंच.

शिवाय उष्णता कुठे तयार होते हा मुद्दा आहे. जुन्या पद्धतीत ९ किंवा १२ व्होल्ट फोनमध्ये यायचे आणि ते उतरवून सेलला द्यायचं काम फोनच्या आत व्हायचं, म्हणजे ती उष्णताही आतच. ओप्पोच्या वूक या फास्ट चार्जिंगच्या पद्धतीने २०१४ मध्ये उलटं केलं, ५ व्होल्टच ठेवले, करंट वाढवला आणि व्होल्टेज सांभाळायचं काम अडॅप्टरमध्ये टाकलं, मग अडॅप्टर तापतो आणि फोन त्यामानाने थंड राहतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सगळ्या कंपन्यांसाठीच्या चार्जिंग स्टँडर्डमधली पीपीएस ही सोयसुद्धा याच विचाराची, फोन सतत सांगत राहतो की आता मला ८.४२ व्होल्ट दे, आता ८.४४, चार्जर २० मिलीव्होल्टच्या पायरीने तेवढंच देतो आणि आत उतरवाउतरवी कमी होते. आणखी वरच्या वॅटच्या बऱ्याच फोनमध्ये दोन सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे तेवढाच करंट देऊन दुप्पट पॉवर आत जाते.

त्यामुळे चांगल्या डिझाइनचा ६७ वॅटचा फोन हा गचाळ डिझाइनच्या १८ वॅटच्या फोनपेक्षा थंड राहू शकतो. फास्ट चार्जिंग बिनधास्त वापरा, फक्त ते चालू असताना फोन उशीखाली नको, उन्हात नको आणि त्यावर गेम नको (प्रश्न १२).

६. मग नेहमी स्लो चार्जरच वापरला तर बॅटरी दुप्पट टिकेल का?

दुप्पट वगैरे नाही. रात्री वेळ आहे, घाई नाही, तर १० वॅटचा साधा चार्जर लावा, फोन थंड राहील आणि फायदाच आहे. पण स्लो चार्जर लावून फोन ३८ अंशांच्या खोलीत जाड कव्हरमध्ये ठेवला तर काही मिळवलं नाही. आणि घाईच्या वेळी स्लो चार्जर लावून तो चालू असतानाच फोन वापरत बसण्यापेक्षा वीस मिनिटं फास्ट चार्ज करून प्लग काढणं मला कधीही बरं वाटतं.

७. माझा फोन २५ वॅटचा आहे, १०० वॅटचा लॅपटॉप चार्जर लावला तर जळेल का?

नाही जळणार. किती पॉवर घ्यायची हे फोन ठरवतो, चार्जर फक्त 'माझ्याकडे एवढं आहे' असं सांगतो. उलट मोठा चार्जर २५ वॅट देताना आरामात असतो, स्वतः कमी तापतो. अट एकच, चार्जर नीट बनवलेला हवा. अगदी हलका, नाव नसलेला, स्वस्तातला चार्जर ५ वॅटचा असला तरी तो मी लावणार नाही, कारण त्यातलं व्होल्टेज स्थिर नसतं आणि विजेच्या मेनलाइनपासून संरक्षण देणारा भाग कच्चा असू शकतो.

कधीकधी उलटी तक्रारही येते, चार्जर १०० वॅटचा पण फोन १०-१५ वॅटनेच चार्ज होतोय. तिथे बहुतेक वेळा फोनला कंपनीची स्वतःची पद्धत किंवा पीपीएस हवं असतं आणि चार्जरमध्ये ते नसतं, मग दोघं जुन्या साध्या वेगावर येतात. नुकसान काही नाही, वेळ लागतो एवढंच.

८. वायरलेस चार्जिंग बॅटरीला वाईट आहे का?

बॅटरीच्या आत जाणारा करंट वायरने आला की वायरलेस, सेलला फरक कळत नाही. फरक पडतो तो गरमीचा. पॅडमधल्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) फोनमधल्या कॉइलमध्ये वीज चुंबकीय क्षेत्रातून उडी मारून जाते, त्यात बरीच वाया जाते, आणि वाया गेलेली वीज म्हणजे उष्णता. त्यात फोनमधली कॉइल बसवलेली असते थेट मागच्या काचेला लागून, बऱ्याच फोनमध्ये बॅटरीच्या अगदी वर. म्हणजे शेगडी सेलला चिकटून ठेवल्यासारखंच, आणि मागची बाजू पॅडवर टेकलेली असल्याने उष्णता बाहेर पडायचा हमखास रस्ताही बंद.

यात सगळ्यात मोठा खेळ आहे नीट मधोमध ठेवण्याचा. साधा गोल पॅड घ्या, फोन बरोबर मध्ये ठेवा, तासाभराने हात लावा, कोमट असेल. आता तोच फोन बोटभर बाजूला सरकवून ठेवा. चार्जिंगचं चिन्ह तसंच दिसतं, टक्के वाढायचा वेग मंदावतो, आणि फोन मात्र चांगलाच तापतो. कॉइल एकमेकींसमोर नसल्या की पॅडला तेवढीच पॉवर पोचवायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जास्तीचा जोर धातूच्या भागांत उष्णता बनून बसतो. रात्री झोपेत नोटिफिकेशनच्या व्हायब्रेशनने फोन हळूहळू सरकतो आणि सकाळी ६५ टक्के आणि गरम फोन मिळतो, ही तक्रार बऱ्याच जणांची असते.

वायरलेस वापरायचंच असेल तर जाड कव्हर काढा, फोन आणि पॅडमध्ये नाणं, धातूची रिंग, कार्ड असलं काही येऊ देऊ नका आणि शक्य असेल तर मॅग्नेटवालं घ्या (पुढचा प्रश्न). पोर्ट झिजत नाही हा वायरलेसचा खरा फायदा आहे, तोही धरायला हवा.

९. मॅगसेफ, ची२ यात खरंच फरक पडतो की मार्केटिंग आहे?

फरक पडतो. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ सोबत मॅगसेफ, म्हणजे मॅग्नेटने फोनच्या पाठीला चिकटणारं वायरलेस चार्जिंग, आणलं, आणि वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमने २०२३ मध्ये त्याच कल्पनेवर ची२ (Qi2) हे सगळ्यांसाठीचं स्टँडर्ड जाहीर केलं. मॅग्नेट कॉइलला कॉइलसमोर बरोबर आणून बसवतं, म्हणजे वरच्या प्रश्नातली सरकण्याची कटकट संपते. तरी वायरपेक्षा थंड नाहीच. पॅडमध्ये छोटा फॅन असेल तर अजून चांगलं, त्याचा आवाज सहन होत असेल तर.

१०. रात्रभर फोन चार्जिंगला लावून झोपलं तर ओव्हरचार्ज होतो का?

ओव्हरचार्ज होत नाही. १०० झाले की फोन चार्जिंग बंद करतो, मग एक-दोन टक्के उतरले की पुन्हा थोडं भरतो, असं सकाळपर्यंत चालतं. नुकसान ओव्हरचार्जचं नसून, रात्री एक वाजता १०० झालेला फोन सकाळी सातपर्यंत फुल व्होल्टेजवर बसून राहतो त्याचं आहे. प्रश्न २ मधला तक्ता आठवा.

यावर सोपा उपाय फोनमध्येच आहे. आयफोनमध्ये २०१९ पासून ऑप्टिमाइज्ड चार्जिंग आहे, पिक्सेलमध्ये ॲडाप्टिव्ह चार्जिंग, सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन, बाकी कंपन्यांचंही असंच काहीतरी नाव असतं. फोन तुमची उठायची वेळ शिकतो, ८० वर थांबतो आणि उठायच्या थोडं आधी उरलेलं भरतो. हे चालू करा आणि रात्रभर खुशाल लावा. फक्त फोन गादीवर, उशीखाली, पांघरुणात नको, कडक आणि मोकळ्या जागेवर ठेवा. हे बॅटरीच्या आयुष्यासाठी तर आहेच, पण मुख्य म्हणजे आगीच्या धोक्यासाठी सांगतोय.

११. २० ते ८० चा नियम पाळायलाच हवा का?

पाळला तर फायदा आहे, पण त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. वरच्या टोकाला व्होल्टेज जास्त आणि अगदी खालच्या टोकाला सेलवर वेगळा ताण, म्हणून मधला भाग सगळ्यात सुखाचा. ज्यांचा दिवस ८० टक्क्यांत निघतो त्यांनी सेटिंग्जमधून ८० ची मर्यादा लावून टाकावी आणि विसरून जावं. आयफोन १५ आणि पुढच्या फोनमध्ये आता ८० ते १०० मध्ये पाच-पाचच्या टप्प्याने निवडता येतं, मला त्यातले ८५-९० हे बऱ्याच लोकांसाठी व्यवहारी वाटतात. पण दुपारी चारला फोन बंद पडत असेल तर काढून टाका ती मर्यादा. दोन वर्षांनी २० टक्के क्षमता जाईल या भीतीने आजपासूनच २० टक्के न वापरणं हा काही नफ्याचा सौदा नाही.

१०० कधीच करायचं नाही असंही नाही. प्रवासाला निघताना १०० करा आणि लगेच वापरायला लागा, काही बिघडत नाही. १०० करून ठेवून देणं टाळा.

१२. चार्जिंगला लावून गेम खेळला किंवा व्हिडिओ कॉल केला तर?

ही सवय मात्र खरंच वाईट. प्रोसेसर तापतोय, स्क्रीन तापतेय, नेटवर्कचा भाग तापतोय आणि त्यात चार्जिंगची उष्णता, सगळं एकाच डब्यात. त्यातून फोन चार्जिंग मंद करतो, म्हणजे फुल व्हायला वेळ लागतो, म्हणजे तेवढा जास्त वेळ गरम. मेसेज वाचणं, गाणी ऐकणं याने काही होत नाही, प्रश्न जड कामाचा आहे.

काही फोनमध्ये बायपास चार्जिंग असतं, गेमिंगचे फोन, सोनीचे एक्सपेरिया, सॅमसंगच्या काही मॉडेलमध्ये गेम चालू असताना यूएसबी पॉवर डिलिव्हरी थांबवायचा पर्याय. यात चार्जरची वीज थेट फोन चालवायला जाते आणि बॅटरी बाजूला निवांत बसते. तुम्ही खूप खेळत असाल तर हे सेटिंग शोधाच, तापमानात लगेच फरक जाणवतो.

१३. गाडीत मॅप लावून फोन चार्ज करतो, तो गरम होऊन चार्जिंगच बंद होतं. का?

कारण गरम करणारं सगळं तिथे एकत्र आलंय. काचेतून येणारं ऊन, जीपीएस, फुल ब्राइटनेस, सतत नेटवर्क शोधणं, आणि बऱ्याचदा वर वायरलेस माउंट. फोनने चार्जिंग थांबवलं म्हणजे तो स्वतःला वाचवतोय. वायरलेसऐवजी केबल लावा, माउंट एसीच्या जाळीवर घ्या म्हणजे थंड हवा मागे लागेल, आणि मॅप डाउनलोड करून ठेवा. पार्क केलेल्या गाडीत उन्हात फोन ठेवून जाऊ नका, विशेषतः फुल चार्ज असलेला.

१४. पॉवरबँकेने चार्ज केलं तर बॅटरी खराब होते का?

पॉवरबँक हाही चार्जरच, चांगल्या प्रतीचा असेल तर काही वेगळं नुकसान नाही. नुकसान होतं ते पॉवरबँक आणि फोन एकमेकांना चिकटवून खिशात किंवा बॅगेत कोंबल्याने, दोन्ही तापतात आणि हवा नाही. मागे चिकटणाऱ्या वायरलेस पॉवरबँकेत हे जास्तच होतं, तिची स्वतःची उष्णता आणि वायरलेसची उष्णता दोन्ही फोनच्या पाठीवर.

यासोबत नेहमी विचारलं जातं की १०,००० एमएएचच्या बँकेतून ५,००० चा फोन दोनदा का भरत नाही. तो १०,००० चा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्ट करून देताना तेच ७,४०० एमएएच होतात, त्यात रूपांतरात थोडं जातं, हातात साधारण ६,००० ते ६,५०० येतात. फसवणूक नाही, मोजायची पद्धत आहे.

१५. फोन गरम नाही पण केबलचं टोक किंवा पोर्टच गरम होतोय?

याकडे दुर्लक्ष नको. बहुतेक वेळा पोर्टमध्ये खिशातला धुरळा दाबून बसलेला असतो, पिन नीट टेकत नाही, टेकण्याची जागा छोटी झाली की तिथला रेझिस्टन्स वाढतो. फोन बंद करा, लाकडी किंवा प्लास्टिकच्या टूथपिकने हलक्या हाताने कचरा काढा, सुई किंवा पिन अजिबात नको. तरी तापत असेल तर केबल बदला. टोक पिवळं-काळं पडलेली, वास येणारी केबल सरळ फेकून द्या. ओलावा असल्याचा इशारा फोन देत असेल तर वाळेपर्यंत केबल लावूच नका.

१६. गरम झालेला फोन फ्रिजमध्ये ठेवला तर लवकर थंड होईल ना?

होईल, आणि आत दमट हवेचं पाणी साचेल. नका करू. प्लग काढा, कव्हर काढा, फॅनखाली फरशीवर किंवा धातूच्या पृष्ठभागावर ठेवा, दहा मिनिटांत फरक पडतो.

१७. म्हणजे थंडी बॅटरीला चांगली? कडक थंडीत चार्ज केलं तर फायदा?

इथे बरेच जण फसतात. ठेवून द्यायला थंडावा चांगला, चार्ज करायला नाही. शून्याच्या खाली सेलमधल्या हालचाली इतक्या मंदावतात की लिथियमला ग्रॅफाइटमध्ये शिरता येत नाही आणि ते पृष्ठभागावरच धातू होऊन बसतं. हे नुकसान बऱ्याच अंशी कायमचं असतं. चांगले फोन तेवढ्या थंडीत चार्जिंग घेतच नाहीत किंवा अगदी हळू घेतात. बर्फाळ ठिकाणाहून आलात तर फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. थंडीत चार्ज भरभर उतरतो ती गोष्ट वेगळी, फोन ऊबेत आला की ते बरंचसं परत येतं.

१८. महिन्यातून एकदा ० पर्यंत उतरवून १०० करावं असं म्हणतात, बरोबर आहे का?

हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे, लिथियम-आयनला तसला मेमरी इफेक्ट (अर्धवट उतरवून भरत राहिलं की क्षमता कमी झाल्यासारखी होणं) नसतो. एकच प्रसंग अपवाद: फोन २५ टक्क्यांवर अचानक बंद पडतोय किंवा टक्के उड्या मारतायत. तेव्हा एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने टक्के मोजणाऱ्या चिपचा हिशोब जुळू शकतो. त्याने आकडा सुधारतो, बॅटरी सुधारत नाही. करूनही बंद पडत असेल तर बॅटरी बदलायची वेळ झालीय.

१९. फोन कायम प्लगलाच असतो, कॅमेरा किंवा डिस्प्ले म्हणून लावलाय. चालेल?

ही सगळ्यात अवघड परिस्थिती, कारण कायम फुल आणि कायम कोमट. अशा फोनच्या बॅटरी फुगलेल्या सापडतात. ८० ची मर्यादा असेल तर लावाच, नसेल तर टायमरवाला प्लग घेऊन दिवसातून थोडा वेळच वीज द्या. स्क्रीन मंद ठेवा, भिंतीला चिकटवू नका, मागे हवा जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा हातात घेऊन मागचं झाकण सपाट आहे ना ते बघा.

२०. जुना फोन कपाटात ठेवायचाय, किती चार्ज ठेवू?

साधारण निम्मा. बंद करून, थंड कोरड्या जागी. सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. ० वर ठेवला तर सेल इतका खाली जाऊ शकतो की परत चार्जच घेणार नाही.

२१. बॅटरी हेल्थ ८९ दाखवत होती, आता ९१ दाखवते, असं कसं?

हा आकडा अंदाज आहे. फोन करंट, व्होल्टेज, तापमान बघून हिशोब करतो आणि वापर बदलला की हिशोब थोडा पुढेमागे होतो. दोन-तीन टक्क्यांच्या हालचालीवर काही ठरवू नका, सहा महिन्यांचा कल बघा. आणि रोज उघडून बघू नका, त्याने मनालाच त्रास.

२२. बॅटरी फुगलीय, स्क्रीन थोडी उचललीय, पण फोन चालू आहे. वापरू का?

नाही. आत्ता चार्जिंगला असेल तर प्लग काढा, फोन बंद करा आणि पुन्हा लावू नका. आतला द्रव विघटित होऊन गॅस झालाय, म्हणून ती फुगते. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, स्वतः उघडू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून लांब, कडक जागेवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे न्या. विमानाने किंवा कुरिअरने पाठवू नका.

फुगण्याचं कारण नेहमी तुमचं चार्जिंगच असतं असंही नाही, वय झालेलं असतं, फोन पडलेला असतो किंवा सेलच मुळात सदोष असतो. २०१६ मधल्या गॅलेक्सी नोट ७ च्या आगींमागे बॅटरीतलेच दोष निघाले होते, लोकांनी चुकीचं चार्ज केलं म्हणून ते झालं नव्हतं. नवीन बॅटरी टाकताना कंपनीची किंवा खात्रीची टाका, आणि टाकल्यावर पहिले काही दिवस चार्ज करताना फोन किती तापतोय ते हाताने तपासत राहा, जुन्यापेक्षा जास्त तापत असेल तर लगेच परत घेऊन जा.